शनवारची पोळी

शनवार मले नको वाटते. बाकीच्यायले शनवार म्हणजे उद्या रविवार. मले शनवार म्हणजे दिवस निघाला का दारावर टकटक, अन् दाराबाहेर कोणी ना कोणी तेल लावलेली पोळी हातात घेऊन उभं. पोळी माह्यासाठी नाही, माह्या कुत्रीसाठी. कुत्री काळी आहे, नाकापासून शेपटीपर्यंत काळी, आंगावर एक पांढरा केस नाही, अन् आमच्या मोहल्ल्यात असं मानतात का शनवारी काळ्या कुत्र्याले तेलाची पोळी चारली का साडेसाती हलकी होते. पहिले मोहल्ल्यात काळे कुत्रे तीन होते. एक म्हातारं होऊन मेलं, एक कुठी निघून गेलं ते आलंच नाही, उरली माही. म्हणजे साऱ्या मोहल्ल्याची साडेसाती माह्या एकटीच्या कुत्रीच्या पोटात जाते, अन् तिचं पोट बिघडलं का भोगा लागते मले.

मले चालता येत नाही. मी चोवीस वर्षांची आहे, नववीत दोन डाव बसली अन् दोन्ही डाव नापास झाली, मंग पारशिवनीकडच्या आमच्या गावावरून लगन करून नागपुरात आली. सासर विणकराचं. सासरे होते तोवर घरात हातमाग होता, आता मागाचा खड्डा फरशीनं बुजवला अन् त्याच जागेवर माहा दिवाण आहे. नवरा सीताबर्डीवर कपड्याच्या दुकानात कामाले. पोरगी सात महिन्याची होती तवा आमी माहेरून गाडीवर येत होतो, मी मागे, पोरगी मांडीवर, समोर जनावर आलं का काय आलं मले आजही माहीत नाही, गाडी घसरली, मी पोरीले दोन्ही हातानं छातीशी आवळून धरलं अन् पाठीवर पडली. पोरीले खरचटलंही नाही. माह्या पाठीचा मणका गेला. पाय आहेत, पण ते माहं ऐकत नाहीत.

लोकायले वाटते चालता येत नाही म्हणजे बाहेर जाता येत नाही, एवढंच. बाहेर कोणाले जायचं आहे? चमचा खाली पडला का तो उचलता येत नाही, हे आहे. चमचा तिथीच पडून राहे, मी खुर्चीवरून त्याच्याकडे पाहत राहू, वाकली तर खुर्चीसकट पडीन हे माहीत. मंग सासूले आवाज द्या लागे, आई, जरा. मोबाईल पडला, आई, जरा. पोरीची चड्डी दोरीवरून घसरली, आई, जरा. सासू वाईट नाही, प्रत्येक डाव उठून आली, पण उठताना गुडघ्यावर हात ठेवून जो श्वास सोडे तो मले ऐकू येई. दिवसातून इतक्या डाव जरा म्हटलं का मले माहाच आवाज नको नको वाटे. पोरगी बोलायले लागली तं आई-बाबाच्या पहिले जरा म्हणायले शिकली.

व्यायाम करवतात त्या दवाखान्यात मले एक मॅडम भेटली. ती कुत्र्यायले शिकवे, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरच्या माणसायसाठी काम करायले शिकवे, अन् इकडे आमच्याकडे तिनं नुकतंच सुरू केलं होतं. तिनं मले सांगतलं का कुत्रं पडलेलं उचलून देते, दार उघडून देते, खुर्ची ओढून आणते. मी घरी येऊन सांगतलं तं सासू म्हणे, आमी दोन माणसं कमी पडून राहिलो का आता कुत्रं ठेवा लागते. दोन माणसं कमी पडत नव्हती. दोन माणसायले मागा लागे, ते मले नको झालं होतं, पण हे सासूच्या तोंडावर कसं सांगू.

नवऱ्यानं हो म्हटलं. मॅडम आली, घरामागे एका कुत्रीनं पिल्लं देल्ली होती त्यायमध्ये बसली, किल्ल्या खाली टाकल्या. बाकीची पिल्लं पळाली. हे काळं आलं, किल्ल्या तोंडात धरल्या, मॅडमच्या हातात देल्या. मॅडम म्हणे हीच. मॅडम बाहेरगावची, तिले काळ्या कुत्र्याचं अन् शनवारचं माहीत नव्हतं. मले माहीत होतं. आमच्या सगळ्यायले माहीत होतं, लहानपणापासून पाहत आलो, पण त्या दिवशी कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाजूले भुरं पिल्लू होतं, तेही हुशार होतं. मले त्याचा आजही राग येते, त्या पिल्लाचा नाही, माह्या डोक्याचा.

शिकवायले सव्वा वर्ष गेलं. तोंडात धरून ठेवायले शिकवायसाठी मॅडमनं लाकडाचं काहीतरी मागतलं, हातात बसेल असं, तं मी सासऱ्याचा धोटा काढून देल्ला. मागावर सूत इकडून तिकडे नेते तो, होडीसारखा, लाकडी. त्याची लोखंडी टोकं नवऱ्यानं काढून टाकली. पहिले दोन महिने कुत्री फक्त धोटा चावे. मंग धरायले लागली, मंग आणायले, मंग माह्या मांडीवर ठेवायले. मी धोट्यानं खुर्चीच्या लाकडी हातावर दोनदा ठकठक केलं का तिचं काम सुरू, जिथी असन तिथून माह्याजवळ. फोन शिकली, मग्गा शिकली, टॉवेल शिकली. खुर्चीले दोरी बांधली, ती ओढून आणायले शिकली. पोरगी दाराकडे जाऊन राहिली का दारात आडवी उभी राहायले शिकली. एकदा शेजारचे काका ओट्यावर बसून पेपर वाचत होते, तिनं त्यायची चप्पल आणून माह्या मांडीवर ठेवली, काका दारात येऊन एका पायावर उभे, म्हणे, सूनबाई, शनीले चप्पल दान करायची मायावर अजून वेळ नाही आली, चप्पल दे.

दार मात्र सगळ्यात कठीण होतं. आमच्या दाराची कडी वर आहे, उभ्या माणसाच्या डोक्याजवळ, मले खुर्चीवरून तिथी हात पुरत नाही. म्हून दिवसा दार नुसतं लोटून राहे. दाराले खाली एक चिंधी बांधली, कुत्री ती दातात धरून ओढे अन् दार उघडे. ज्या दिवशी तिनं पहिल्या डाव दार उघडलं त्या दिवशी मी खुर्ची ढकलत ओट्यापर्यंत गेली, कोणाले जरा न म्हणता, अन् तिथी बसून रडली. काय सुंदर वगैरे वाटून नाही. दीड वर्ष एक दार होतं मधात, एवढंच होतं, म्हून रडली.

मॅडमचा एकच कडक नियम होता. हिनं खायचं तं फक्त तुझ्या हातचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं एक घासही नाही, नाहीतर ही तुझ्याकडे कशाला बघेल, तिनं मले सांगतलं. मी पोरीलेही बिस्किट देऊ देत नव्हती. घरात सगळे पाळत होते. अन् मंग कुत्री मोठी झाली, आंगावर तकाकी आली, अन् गल्लीतल्या लोकायचं लक्ष गेलं का अरे, काळं कुत्रं तं इथी आहे.

पहिल्या डाव शेजारची काकू आली. मी दारात खुर्ची आडवी लावली अन् म्हटलं, "काकू, तिले खाऊ घालू नका, तिचं काम बिघडते."

"हा खाऊ थोडी होय वं. हा उपाय होय."

"पोटात तं जाते ना."

"पोटात गेला तरी उपायच राहते," काकू म्हणे, अन् माह्या खुर्चीच्या बाजूनं हात घालून पोळी देल्ली.

मी पोरीच्या चित्रकलेच्या पेनानं पुठ्ठ्यावर लिहिलं, कुत्रीले खाऊ घालू नये, अन् दारावर लावलं. एक भाऊ आले, त्याईनं चष्मा लावून पूर्ण वाचलं, मान हलवली, अन् पोळी काढली. मी म्हटलं, भाऊ, वाचलं ना तुमी. ते म्हणे, हो, पण हे बाकीच्या दिवसायसाठी ना. कोणी मले पाप लागीन म्हणे. कोणी म्हणे, तुयावर एवढं संकट आलं तरी तुले समज नाही. हे तं मले कायमचं ऐका लागते. माहे पाय गेले ते माही साडेसाती, अन् माह्या कुत्रीनं दुसऱ्याची खायची. एक बाई म्हणे, तुह्या घरी काळी कुत्री आली म्हणजे तुले देवानंच इशारा देल्ला. मी म्हटलं, मावशी, देवानं मले मॅडम देल्ली, कुत्री घरामागून आणली. ती चिडून गेली, पण पोळी ठेवून गेली.

अन् कुत्रीले मी काय दोष देऊ. टकटक झाली का ती चिंधी ओढून दार उघडे. दार उघडायले मीच शिकवलं होतं. बाहेर पोळी. मोहल्ल्यानं तिले एका महिन्यात शिकवलं ते माह्या सव्वा वर्षाच्या वर निघालं. शनवारी ती माह्या धोट्याले अर्धं ऐके, रविवारी पोट बिघडून पडून राहे, सोमवारपासून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

एवढ्यातच माही नणंद, काटोलले देल्ली आहे तिले, तिचे दिवस भरत आले. सासूले तिथी जाऊन तीन महिने राहायचं होतं. सासू म्हणे, पोरीलेही घेऊन जाईन. पोरगी अडीच वर्षांची. सासूनं हे भांड्यायवर हात फिरवता फिरवता सांगतलं, माह्याकडे पाह्यलं नाही. मी म्हटलं, काहून? सासू म्हणे का दिवसभर तू एकटी, पोरगी मोरीत पडली तं तू उचलशीन का, गल्लीत ऑटो येतात, ती बाहेर धावली तं तू धावशीन का. हेच सगळं माह्याही डोक्यात रोज येते. तिचं भेव माहंच भेव होतं, फक्त ती बोलू शकत होती. नवरा म्हणे का आई काही चूक नाही सांगून राहिली, तीन महिन्याचीच तं गोष्ट. तीन महिन्यात लेकरू आईले विसरते. मले माहीत आहे, अपघातानंतर मी दोन महिने दवाखान्यात होती, परत आली तं पोरगी माह्याजवळ येऊन रडायले लागली अन् सासूकडे पळाली.

मी म्हटलं, कुत्री आहे. सासू म्हणे, कुत्री शनवारी तुयी राहत नाही. हे खरं होतं म्हून जास्त लागलं.

शेवटी सासूच म्हणाली का एक दिवस पाहू. नणंदेची दवाखान्याची तारीख होती, सासू सकाळच्या बसनं काटोलले जाईन अन् संध्याकाळी येईन, नवरा दुकानात, घरी मी अन् पोरगी. कोणाले बोलवायचं नाही, फोन करून कोणाले हाक मारायची नाही. निभलं तं पोरगी इथी, नाही निभलं तं काटोलले. मी हो म्हटलं. मंग विचारलं तारीख कोणती, तं शनवार.

त्या शनवारी सासू पाचलेच उठली. खिचडी करून ठेवली, पाणी भरलं, मोरीचं दार दोरीनं बांधून टाकलं. मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, आई, आज कोणाची पोळी घेऊ नका, कोणी आलं तं परत पाठवा. ती हो म्हणाली होती. साडेसहाले निघाली, दहाले नवरा निघाला, दारातून दोनदा वळून पाह्यलं, जसं काही आमी गावाले जाऊन राहिलो.

अकरापर्यंत तीन टकटकी झाल्या. मी खुर्ची दाराले लावून बसली होती म्हून दार उघडलं नाही, पण एकीनं खिडकीच्या गजातून पोळी टाकली अन् ती कुत्रीनं फरशीवर पडू देल्ली नाही. मले तिथीच दिवसभर बसता येत नव्हतं, पोरीले खाऊ घालायचं होतं. मी हटली, पुन्हा टकटक, चिंधी, दार, पोळी. मी ओरडली, कुत्रीनं कान मागे केले, पण पोळी गिळली. दार पुन्हा लोटलं. एवढा राग आला का हातातली वाटी फेकू का काय करू. फेकली असती तं उचलायले कोण होतं.

बारा-साडेबाराले पोरीले झोप यायले लागली. मी खुर्ची दिवाणाजवळ लावली, ब्रेक मारले, अन् हातावर जोर देऊन दिवाणावर सरकायले गेली. हे मी रोज करते. डाव्या ब्रेकचा खटका ढिला आहे, हेही मले रोज माहीत असते. खुर्ची मागे गेली अन् मी मधात खाली बसली, बसली म्हणजे आदळली, कोपर फरशीवर. खुर्ची भिंतीले जाऊन लागली. धोटा खुर्चीच्या थैलीत. फोन तिकडे स्टुलावर चार्जिंगले. अन् दारावर टकटक.

कुत्री गेली, दार उघडलं. पोळी देणारं कोण होतं मले दिसलं नाही, कोणी आत पाह्यलंही नाही, पोळी ओट्यावर ठेवून ते गेलं. कुत्री बाहेर. दार सताड उघडं. पोरगी माह्याजवळ उभी होती, तिनं उजेड पाह्यला अन् भूभू भूभू करत दाराकडे निघाली. मी हात लांब केला, फ्रॉकचं टोक बोटाले लागलं अन् सुटलं.

त्या वेळचं भेव मले लिहिता येत नाही. गल्लीत ऑटोचा आवाज येत होता. मी पोरीले हाक मारली तं ती मले पाहून हसली अन् पुढे गेली, तिले वाटलं मी खाली बसून खेळून राहिली. कुत्रीले हाक मारली, चार डाव मारली. ती पोळी खात होती. मंग मी दिवाणाच्या लाकडी पायावर मुठीनं मारलं, ठक ठक. मुठीचा आवाज धोट्यासारखा नाही येत. बांगड्या वर केल्या अन् बोटाच्या हाडानं मारलं, जितक्या जोरानं मारता येईन तितक्या जोरानं, ठक ठक, पुन्हा ठक ठक.

पोरीचा एक पाय उंबऱ्यावर होता. कुत्री आत आली. अर्धी पोळी तोंडातून लोंबत होती, पण ती आली, अन् दारात आडवी उभी राहिली, जशी शिकवली होती तशी. पोरगी तिच्या पोटाले जाऊन अडली, ढकललं, कुत्री हलली नाही. मंग पोरगी तिथीच खाली बसली अन् कुत्रीच्या तोंडातली पोळी ओढून तेल आपल्या फ्रॉकले पुसायले लागली. मी तिकडे पाहून हात जोडले का शिव्या देल्या, दोन्हीही केलं असन.

मी म्हटलं, फोन. कुत्रीनं चप्पल आणली. मी म्हटलं, चप्पल नाही वं बाई, फोन. ती माह्याकडे पाहत राहिली, तिचे डोळे जड झाले होते, मंग गेली, स्टुलावरून फोन आणला, चार्जरच्या वायरसकट, अन् माह्या मांडीवर ठेवला. तेलानं बुळबुळीत झाला होता.

फोन हातात आल्यावर खरं कठीण झालं. काकूचा नंबर होता, हाक मारली तरी ती आली असती. नवऱ्याचा होता, अर्ध्या तासात आला असता. एक बटन दाबलं का मी वर अन् पोरगी काटोलले. कोपर सुजून राहिलं होतं. मी फोन बाजूले ठेवला, पालथा ठेवला.

कुत्रीले दोरी सांगतली. तिनं खुर्ची ओढून आणली, अर्ध्यात थांबली, पुन्हा सांगतलं, पुन्हा ओढली. दिवाणाखालचा पाट मी हातानं काढला. दवाखान्यात शिकवलं होतं, जमिनीवरून पाटावर, पाटावरून वर, पण तिथी मागून धरणारे होते. कुत्रीच्या आंगावर जोर द्यायचा नाही, मॅडमनं सांगून ठेवलं आहे, तिची पाठ मोडीन. पहिल्या डाव पाट सरकला. दुसऱ्या डाव मी पाटावर चढली अन् तिथून घसरली. पोरगी जवळ येऊन बसली अन् मले म्हणे, आई, जला. तिले र येत नाही. मले हसायले येऊन राहिलं होतं. तिसऱ्या डाव पाटावर, मंग बराच वेळ पाटावरच, मंग दिवाणाच्या गादीले दोन्ही कोपरांनी धरून, एक कोपर सुजलेलं, वर. पाय मागून हातानं उचलून घेतले, सामान उचलते तसे. किती वेळ लागला माहीत नाही. पोरगी तोवर खालीच झोपली होती, कुत्री खुर्ची आणून पुन्हा दारात आडवी उभी होती.

मंग कुत्रीनं दारातच उलटी केली. अख्ख्या पोळ्या, तेल, सगळं. मले पुसता येत नव्हतं, ते तसंच राहिलं.

सासू संध्याकाळी आली तं पहिले उलटीत पाय पडता पडता राहिला. पोरगी कुठी, एवढंच विचारलं. पोरीले उचललं, बाजारात टमाटे पाहतात तसं फिरवून फिरवून पाह्यलं, फ्रॉकचं तेल पाह्यलं, काही लागलं नव्हतं. मंग माहं कोपर पाह्यलं. मले खोटं बोलता आलं असतं, खुर्चीचा हात लागला म्हटलं असतं. पण मंग तीन महिने मी त्या खोट्याच्या भेवानं झोपली नसती. मी सगळं सांगतलं, पडली ते, दार उघडं राहिलं ते, पोरीचा पाय उंबऱ्यावर होता ते.

सासू खाली बसली. म्हणे, "पहिली पोळी मीच चारली. पाच वाजता, तू झोपली होती तवा."

मी म्हटलं, "आई, मी तुमाले सांगतलं होतं ना."

"सांगतलं होतं. पण मले भेव लागून राहिलं होतं. म्हटलं तुमचा दोघीचा दिवस नीट जाऊ दे."

मले राग आला. अन् राग येऊनही मी काय बोलणार होती, ती पोळी तिनं स्वतःसाठी चारली नव्हती. सासूनं विचारलं, फोन हातात होता तं काहून नाही केला. मी म्हटलं, केला असता तं तुमी पोरीले नेलं असतं. ती उठली, बादली आणली, उलटी पुसली, फरशी दोनदा पुसली. मंग नवरा आला तं त्याले म्हणे, "ऐक गा, ती कडी खाली लावून दे. हिच्या हाताले पुरीन तिथी. अन् ब्रेक कर नीट."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं स्क्रू काढून कडी खाली लावली. दहा मिनिटं लागली. दोन वर्षं झाली मले या खुर्चीवर, घरात सगळ्यायनं माह्यासाठी काय काय केलं, नवस केले, रडले, दवाखाने केले, अन् दहा मिनिटाची कडी कोणाच्या डोक्यात आली नाही. माह्याही आली नाही. त्याचं मले सगळ्यात जास्त वाईट वाटते.

सासू सोमवारी काटोलले गेली. पोरीच्या कपड्यायची थैली भरून ठेवली होती, ती तिनं जाताना पुन्हा कपाटात रिकामी केली.

आता शनवारी सहा वाजता काटोलवरून फोन येते, कडी लावली का? मी म्हणते, लावली. पहिल्या शनवारी टकटक झाली, कुत्रीनं चिंधी ओढली, दार उघडलं नाही, तिनं माह्याकडे पाह्यलं. मी धोटा वाजवला, ती आली, माह्या हातचे फुटाणे खाल्ले. पण खिडकी आहेच. खिडकी लावली तं घरात उकडते, पोरीले घामोळं येते. लोकायनं पोळ्या बंद केल्या नाही.

मागच्या शनवारी काकू खिडकीत आली, पोळी हातात, पण टाकली नाही. गजातून वाकून कुत्रीकडे पाहत राहिली. म्हणे, तुह्या सासूचा फोन आला होता, ती म्हणे का हिच्या पोटाखाली पांढरे केस आहेत, उपाय लागत नाही. साऱ्या मोहल्ल्यात सांगून राहिली ती फोनवरून.

मी कुत्रीले स्वतः आंघोळ घालते, तिच्या पोटाखाली काय आहे मले माहीत आहे. अन् माही सासू मंगळवार-शनवार करणारी बाई, देवाधर्माच्या गोष्टीत तिनं कधी खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"कुठी आहेत वं ते केस, दाखव," काकू म्हणे.

"पोटाखाली आहेत," मी म्हटलं. "पण आता ती कामावर आहे, काकू. उताणी होणार नाही."

काकू पोळी घेऊन तशीच उभी. तिले माह्यावर भरोसा नव्हता, पण सासूवर होता. पोरगी खाली बसून धोटा फरशीवर ठोकत होती अन् कुत्री बिचारी दर डाव उठून तिच्याजवळ जाऊन राहिली होती, हा नवीनच ताप. दारावर आणखी कोणीतरी टकटक केलं. मी खुर्ची ढकलत गेली, कडी चाचपून पाह्यली, लागलेली होती.